टणक झालेलें कुरण आणि ट्रॅक्टरचें अवजार

रस्त्यानें जाणाऱ्याच्या नजरेस कुरण हिरवें दिसलें, म्हणजे तें सुस्थितींत आहे असा त्याचा समज होतो. गुरें पाळणारास मात्र त्या हिरवळीची दुसरी बाजूहि ठाऊक असते. पावसाची एक जोराची सर येऊन गेली, कीं याच हिरवळीवर ठिकठिकाणीं पाण्याचीं डबकीं सांचतात आणि तीं दोन दोन दिवस हटत नाहींत. पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवसांतच गवत मलूल होऊं लागतें. कुंपणापलीकडचें मात्र अद्याप टवटवीत असतें. खत टाकावें, तर त्याचा गुण पूर्वीसारखा येत नाहीं. पाणी वर तुंबून राहिलेलें आणि खालचीं मुळें तहानलेलीं, असा हा विपरीत प्रकार असतो. कुरणाची जमीन घट्ट झाल्याचीं हीं चिन्हें होत.

अशा वेळीं मालकाच्या मनांत प्रथम येतो तो ट्रॅक्टर. जमीन टणक झाली आहे, तर ती फोडावी. फोडावयाची, तर एखादें अवजार आणावें, हा विचार स्वाभाविकच आहे. अवजारांची बाजारांत उणीवहि नाहीं. खिळ्यांचे रूळ आहेत, पात्यांचे रूळ आहेत, एक फणाचे, तीन फणांचे, पंखांचे आणि बिनपंखांचे नांगर आहेत, आणि प्रत्येकाचा विक्रेता आपलेंच अवजार सर्वांत गुणकारी असल्याचें सांगतो. परंतु ‘कोणतें अवजार चांगलें?’ या प्रश्नास खरें पाहतां उत्तरच नाहीं. ज्याचें उत्तर मिळूं शकतें असा प्रश्न निराळा आहे. ‘टणक थर किती खोलीवर आहे आणि तो किती जाड आहे?’ असा तो प्रश्न होय. त्याचें उत्तर जमीनच देते, आणि तें मिळविण्यास एक फावडें व अर्धा दिवस एवढें पुरें होतें. हा अर्धा दिवस वांचविण्याच्या नादांत पुष्कळांचे पैसे, डिझेल आणि क्वचित् चांगलें कुरणहि वायां गेलें आहे.

जमीन घट्ट होते म्हणजे नेमकें काय होतें, हें प्रथम समजून घेणें इष्ट आहे. उत्तम स्थितींतील मातीचा जवळजवळ अर्धा भाग पोकळ असतो. मातीच्या कणांमध्यें आणि ढेकळांमध्यें लहानमोठीं छिद्रें असतात. त्यांपैकीं लहान छिद्रांत पाणी टिकून राहातें आणि मोठ्यांतून जादा पाणी खालीं उतरून हवा आंत येते. वरून दाब पडला कीं मातीचे कण चिरडत नाहींत. चिरडतात तीं हीं मोठीं छिद्रें. पाण्याची उतरण्याची वाट, हवेची येण्याची वाट आणि मुळांची जाण्याची वाट या तिन्ही एकदमच बंद होतात. मातीचा प्रतिकार दर चौरस इंचास सुमारें ३०० पौंडांच्या वर गेला, म्हणजे बहुतेक पिकांचीं मुळें तींत शिरण्याचा प्रयत्न सोडून देतात आणि आडवीं वळतात. गवताचें मूळ असें एकदां आडवें वळलें, कीं खालच्या थरांतील ओल त्यास नसल्यासारखीच होते.

हा दाब येतो दोन बाजूंनीं, एक गुरांच्या खुरांचा आणि दुसरा चाकांचा. या दोहोंतील फरक ज्याच्या ध्यानांत आला, त्यास अवजाराची निवड निम्मी साधली असें समजण्यास हरकत नाहीं. सुमारें ५०० किलो वजनाची गाय आपला सगळा भार चार लहानशा खुरांवर पेलते. चालतांना तर त्यांतील एकदोन पाय उचललेलेच असतात. त्यामुळें खुराखालचा दाब ट्रॅक्टरच्या रुंद टायराखालच्या दाबाहूनहि अधिक भरतो. परंतु खुराचें क्षेत्र लहान असल्यामुळें तो दाब फार खोल जात नाहीं. खुरांनीं तुडविलेली जमीन बहुधा वरच्या चार इंचांत, फार झालें तर सहा इंचांपर्यंत घट्ट होते. चाकाची गोष्ट उलट आहे. जमीन किती खोलवर दबते हें मुख्यत्वें आंसावरील एकूण वजनावर अवलंबून असतें. चारा वाहून नेणाऱ्या गाड्या, शेणकाल्याच्या भरलेल्या टांक्या आणि खुद्द ट्रॅक्टर यांच्या भारानें फूटभर किंवा त्याहूनहि खालीं टणक थर तयार होतो. म्हणजे ज्या यंत्रास वैद्य म्हणून बोलवावयाचें, तेंच पुष्कळदां खोलवरच्या दुखण्याचें मूळ असतें. या दोन्ही कारणांचा जोर जमीन ओली असतांना कित्येक पटींनीं वाढतो. कोरडी जमीन भार सोसते, ओली जमीन त्याखालीं दबते.

आतां परीक्षेकडे वळावें. कुरणांत चारपांच जागा निवडाव्या. फाटकाजवळची एक, पाण्याच्या हौदाजवळची एक, मधल्या मोकळ्या भागांतील दोन, आणि शेवटची कुंपणाच्या अगदीं खालची, जेथें खूर किंवा चाक सहसा पडत नाहीं. ही शेवटची जागा तुलनेसाठीं फार मोलाची असते, कारण ती जमीन मूळची कशी होती हें तीच सांगते. प्रत्येक ठिकाणीं दीड फूट खोल खड्डा घेऊन एका बाजूची माती फावड्यानें अखंड उचलावी आणि हातांनीं हळूहळू फोडून पाहावी. निरोगी माती बोटांच्या दाबानें भुसभुशीत कणांत सुटते. तींत मुळें सर्व दिशांस पसरलेलीं आणि गांडुळांचीं बिळें उभीं गेलेलीं दिसतात. घट्ट माती फुटतांना तिच्या धारदार कडांचे तुकडे किंवा पापडासारखे आडवे पापुद्रे निघतात. मुळें एका ठराविक खोलीवर येऊन अंथरल्यासारखीं पसरलेलीं असतात. हवा न मिळाल्यामुळें त्या थरांत करडे व गंजासारखे तांबूस ठिपके पडतात आणि कधीं कधीं कुजकट वासहि येतो. टणक थर कोठें सुरू झाला आणि कोठें संपला, हे दोन आंकडे प्रत्येक खड्ड्यापाशीं लिहून ठेवावे. पुढील सर्व निर्णय या दोन आंकड्यांवर उभा राहावयाचा असतो.

बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई जमिनींत खुपसूनहि थर सांपडतो. सळई सहज जात असतां एकाएकीं अडते आणि थर ओलांडला कीं पुन्हां सैल होते. मात्र ही परीक्षा जमीन ओलसर असतांनाच करावी. वाळलेल्या जमिनींत सळई सर्वत्रच अडते, आणि मग सगळेंच कुरण रोगी वाटूं लागतें.

खड्डे घेतल्यावर अवजारांचा विचार सोपा होतो. तीं मुख्यतः तीन वर्गांत मोडतात, आणि हे वर्ग खोलीचेच आहेत.

पहिला वर्ग उथळ काम करणाऱ्या रुळांचा. आडव्या रुळावर खिळे किंवा चपटीं पातीं बसविलेलीं असतात. रूळ फिरूं लागला म्हणजे तीं हिरवळींत चार ते सहा इंच खोल चिरा पाडीत जातात. वर वजन ठेवून किंवा टांकींत पाणी भरून पातीं पुरीं रुततील अशी तजवीज केलेली असते. यास शक्ति थोडी लागते, काम झपाट्यानें होतें आणि गवतास इजा होत नाहीं. गुरांच्या खुरांनीं वरचे तीनचार इंच दाबले गेले असतील, तर हेंच अवजार योग्य. परंतु त्याची मर्यादाहि स्पष्ट आहे. पात्याची लांबी थराच्या तळापर्यंत पोंचली नाहीं, तर चिरांत शिरलेलें पाणी थराच्या मध्येंच अडकून राहातें. शिवाय चिकण जमीन फार ओली असतां पात्यानें पाडलेल्या चिरेच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि केलेलें काम उलटतें.

दुसऱ्या वर्गांतील अवजार ‘स्वार्ड लिफ्टर’ या नांवानें ओळखलें जातें. हिरवळ न उलटतां ती जागच्या जागीं उचलून पुन्हां खालीं ठेवणारा नांगर, असें त्याचें वर्णन करतां येईल. त्यांत पुढें एक गोल तवा असतो. तो गवताची चादर सरळ कापीत जातो. त्या कापावरून मागचा पोलादी फण जातो. फणाच्या तळाशीं फाळ असून त्यास दोन्ही बाजूंस बहुधा पंख असतात. फण पुढें सरकला कीं वरची सगळी माती लाटेप्रमाणें किंचित् उचलली जाते, वांकते, तिला असंख्य बारीक भेगा पडतात आणि ती पुन्हां खालीं बसते. सर्वांत मागें एक जड रूळ असतो, तो फाटलेली हिरवळ बसवून जमीन सपाट करतो. सुमारें आठ ते चौदा इंचांवरील थरासाठीं हें अवजार आहे. कुरणावर वापरावयाचें असल्यास तवा आणि रूळ हीं दोन्ही अंगें असल्याखेरीज तें घेऊं नये; तवा नसला तर हिरवळीचीं ढेकळें उपटून येतात, आणि रूळ नसला तर मुळांभोवतीं पोकळी राहून गवत सुकतें.

तिसरा वर्ग खोल जाणाऱ्या सबसॉयलरचा. चौदा इंचांपासून वीस इंच किंवा त्याहूनहि खालीं हा जातो. तो मूळचा नांगरटीच्या शेतांसाठीं बनविलेला आहे. जड गाड्यांमुळें खोलवर थर बसला असल्याचें खड्ड्यांत प्रत्यक्ष दिसलें, तरच त्याचा विचार करावा. त्यास शक्ति पुष्कळ लागते. भारी जमिनींत प्रत्येक फणामागें ३० ते ५० अश्वशक्ति हें ढोबळ मान धरतात.

या तिन्हींपासून मोल नांगर वेगळा ओळखला पाहिजे. चिकण जमिनींत सुमारें दीडदोन फुटांवर तोफेच्या गोळ्यासारखें लोखंड ओढून तो पाण्यासाठीं बोगद्यासारखी नाळ पाडतो. त्याचें काम निचऱ्याचें आहे, थर फोडण्याचें नव्हे. नाळेच्या बाजू टिकून राहाण्यासाठीं त्या खोलीवरची माती लवचिक असावी लागते, आणि थर फोडण्यासाठीं ती ठिसूळ असावी लागते. म्हणून एकाच दिवशीं एकाच खोलीवर दोन्ही कामें साधत नाहींत. रोटाव्हेटर आणि तव्यांचा कुळव यांनीं तर हिरवळच नाहींशी होते, आणि त्यांच्या सततच्या वापरानें खालीं नवा थर बसतो तो निराळाच.

जितकें खोल तितकें उत्तम, हा या विषयांतील सर्वांत खर्चिक गैरसमज आहे. इंग्लंडांतील सिल्सो येथें गॉर्डन स्पूर आणि आर. जे. गॉडविन यांनीं या प्रश्नाचा प्रयोगांनीं छडा लावून १९७८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फण विशिष्ट मर्यादेच्या वर चालत असतां माती पुढें, बाजूस आणि वर सरकते; वर मोकळी हवा असल्यामुळें तिला फुटण्यास वाव मिळतो. फण त्या मर्यादेखालीं गेला, कीं वरच्या मातीचा भार माती उचलूं देत नाहीं. मग ती फक्त बाजूंस दाबली जाते. म्हणजे जमीन मोकळी करण्यासाठीं घातलेला फण तेथें उलट जमीन घट्ट करीत जातो, आणि मागें केवळ एक अरुंद चर राहातो. ही मर्यादा साध्या फाळाच्या रुंदीच्या सुमारें सहापट असते. मातीच्या ओलीप्रमाणें आणि प्रकाराप्रमाणें ती थोडी कमीअधिक होते.

हा हिशेब अगदीं साधा आहे. टणक थर आठ इंचांवर सुरू होऊन अकरा इंचांवर संपत असेल, तर फाळ त्याच्या तळाखालीं इंचभर, म्हणजे बारा इंचांवर चालला पाहिजे. फाळ दीड इंच रुंद असल्यास त्याची मर्यादा नऊ इंचांवरच संपते, आणि बारा इंचांवर तो निरुपयोगी ठरतो. अडीच इंच रुंद फाळाची मर्यादा पंधरा इंच येते. तो बारा इंचांवर चांगलें काम करील. फाळास पंख लावल्यानें ओढ वाढते हें खरें, परंतु मोकळी होणारी माती त्याहून अधिक प्रमाणांत वाढते. दोन फणांमधील अंतराचा नियमहि असाच आहे. साध्या फणांत तें खोलीच्या एकपट ते दीडपट आणि पंखांच्या फणांत दीडपट ते दुप्पट असावें. बारा इंच खोलीसाठीं साधे फण बारा ते अठरा इंचांवर आणि पंखांचे फण अठरा ते चोवीस इंचांवर बसवावे. अंतर याहून वाढविलें, तर दोन फणांमध्यें न फुटलेल्या जमिनीचे पट्टे राहातात.

अवजार ट्रॅक्टरच्या शक्तीच्या बाहेरचें नसावें, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. खोली दुप्पट केली, तर ओढ त्याहून पुष्कळच अधिक वाढते. शक्ति कमी पडली कीं मागचीं चाकें घसरूं लागतात आणि ज्या हिरवळीचें रक्षण करावयाचें तीच खरवडून निघते. तीन फणांचें अवजार ओढवत नसेल, तर मधला फण काढून उरलेले दोन दूरदूर ठेवणें हा उपाय नव्हे. फण कमी करून त्यांतील अंतर नियमाप्रमाणेंच ठेवणें आणि फेऱ्या वाढविणें हाच उपाय होय. जमिनींत दगड असतील, तर फणाच्या दांड्यास धक्क्यासरशीं तुटणारी शिअर बोल्टची खीळ किंवा माघार घेणारी स्प्रिंग आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. असें काम कित्येक वर्षांतून एकदांच करावें लागतें. म्हणून लहान कुरणाच्या मालकानें अवजार विकत घेण्यापेक्षां भाड्यानें आणणें बहुधा शहाणपणाचें ठरतें. विकत घेतलेलें अवजार गरज नसतांहि चालविण्याचा मोह होतो, हेंहि त्याचें एक कारण आहे.

अवजारापेक्षांहि त्याच्या वापराची पद्धति किती महत्त्वाची, याचें बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियांत घडलें. पी. ए. योमन्स हे व्यवसायानें खाणींशीं आणि माती हलविण्याच्या कंत्राटांशीं संबंध असलेले गृहस्थ. १९४३ सालीं त्यांनीं न्यू साउथ वेल्स प्रांतांत, सिडनीच्या पश्चिमेस नॉर्थ रिचमंड येथें सुमारें एक हजार एकर जमीन घेतली. जमीन हलकी, चढउताराची आणि पाण्यास दुर्मिळ होती. १९४४ सालीं तेथें गवतास वणवा लागला आणि त्यांत त्यांच्या मेहुण्यांचा अंत झाला. त्यानंतर योमन्स यांनीं आपलें लक्ष पाण्यावर केंद्रित केलें. पडणारा पाऊस वाहून न जातां जमिनींत कसा मुरेल आणि उन्हाळ्यांतहि कुरण ओलें कसें राहील, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनें केवळ उत्पन्नाचा राहिला नव्हता.

अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत धुळीच्या वादळांनीं ओक्लाहोमा आणि टेक्सस या संस्थानांतील शेतें उजाड झालीं होतीं. त्याच काळांत ओक्लाहोमांतील फ्रेड होएम या शेतकऱ्यानें माती न उलटतां ती फाडीत जाणारा मजबूत फणांचा नांगर तयार केला. पुढें टेक्ससमधील ग्रॅहम यांनीं तो कारखान्यांत काढण्यास आरंभ केला. योमन्स यांनीं १९५२ सालीं हा नांगर ऑस्ट्रेलियांत आणविला आणि आपल्या कुरणांत चालवून पाहिला. पुढें त्यांनीं त्यांत सुधारणा करून बारीक दांड्याचा व अरुंद फाळाचा स्वतःचा नांगर बनविला. त्यांच्या अवजारास १९७४ सालीं ऑस्ट्रेलियांतील प्रिन्स फिलिप पारितोषिक मिळालें. ‘की-लाइन’ या नांवानें प्रसिद्ध झालेली त्यांची पद्धति १९५४ सालच्या पुस्तकांत त्यांनीं मांडली आहे.

या पद्धतींत दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे ते पहिल्याच वर्षीं खोल जात नसत. प्रथम वरचा थर फोडावयाचा, त्यांत गवताचीं मुळें उतरूं द्यावयाचीं, आणि पुढच्या वेळीं थोडें आणखी खोल जावयाचें, असा त्यांचा क्रम होता. वर सांगितलेल्या मर्यादेच्या नियमाशीं हें जुळतें. वरची माती आधींच मोकळी झालेली असली, म्हणजे तोच फण अधिक खोलीवरहि माती उचलूं शकतो. दुसरी गोष्ट दिशेची. उतारावरून सरळ खालीं नांगर चालविला, तर प्रत्येक चर म्हणजे एक ओहोळच होतो. योमन्स चरांची दिशा अशी ठेवीत, कीं पाणी घळींत धांवून जाण्याऐवजीं कोरड्या उंचवट्याकडे सरकावें. त्यांच्या पद्धतीविषयीं केलेले सगळेच दावे काटेकोर प्रयोगांनीं सिद्ध झालेले नाहींत. तथापि आस्ते आस्ते खोल जाणें आणि उतारास आडवें जाणें या दोन गोष्टी कोणत्याहि देशांतील कुरणास लागू पडतात.

योग्य अवजार योग्य खोलीवर लावूनहि वेळ चुकली, तर सर्व व्यर्थ होतें. मराठी शेतकऱ्याजवळ या वेळेसाठीं एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे वाफसा. मात्र येथें वाफसा पाहावयाचा तो पृष्ठभागावरचा नव्हे, तर फाळ जेथें चालणार तेथला. त्या खोलीवरची चिमूटभर माती घेऊन तळहातावर वळून पाहावी. तिची बारीक वात वळली, तर जमीन अद्याप ओली आहे. फण तींतून लोण्यांतून सुरी जावी तसा जाईल आणि एकहि भेग पडणार नाहीं. माती वळतां वळतां तुटून सुटली, तर काम करण्यास हरकत नाहीं. याच्या उलट जमीन दगडासारखी वाळली असेल, तर मोठालीं ढेकळें उखडून हिरवळ फाटते. शिवाय खालीं कोरड असली तरी वर गवतास पुढें वाढण्यापुरती ओल व ऊब राहिली पाहिजे, कारण मोकळ्या झालेल्या जागेंत मुळें शिरलीं तरच ती जागा टिकते. म्हणूनच इंग्लंडांत हें काम बहुधा उन्हाळा संपून शरद ऋतु लागतांना करतात.

ट्रॅक्टरची गति तासास तीन ते पांच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतकी असावी. पहिले वीसपंचवीस पावलें अंतर गेल्यावर ट्रॅक्टर थांबवून पुन्हां फावडें हातीं घ्यावें आणि फणाच्या वाटेस आडवा खड्डा खणून पाहावा. दोन फणांमधला थर फुटला आहे काय, फाळ थराच्या खालून गेला आहे काय, भेगा बारीक आहेत कीं केवळ एक चर पडला आहे, हें तेथेंच कळतें आणि तेथेंच दुरुस्त करतां येतें. सगळें कुरण संपल्यावर कळून उपयोग नसतो.

एवढें झाल्यावरहि काम अर्धेंच झालेलें असतें. नुकतीच मोकळी झालेली माती दुबळी असते. तिचे कण अद्याप मुळांनीं आणि गांडुळांच्या विष्ठेनें बांधले गेलेले नसतात. त्याच आठवड्यांत तींत गुरें सोडलीं किंवा भरलेली गाडी घातली, तर ती पूर्वीपेक्षांहि अधिक घट्ट होते. मुळें नव्या भेगांत उतरेपर्यंत कुरणास विसांवा द्यावा, आणि त्यानंतरहि पहिल्या ओल्या हंगामांत जड गुरें व जड वाहनें त्यापासून दूर ठेवावीं. गाड्यांसाठीं एक ठराविक वाट राखावी, टायरांतील हवा कमी ठेवावी, पाण्याच्या हौदाची जागा अधून-मधून बदलावी. हे उपाय क्षुल्लक वाटतात. परंतु यांवांचून जमीन दरवर्षीं फोडणें आणि दरवर्षीं तुडविणें हा खेळ संपत नाहीं.

येथें एक अप्रिय सत्यहि सांगणें अवश्य आहे. कुरण फोडल्यानें गवत नेहमींच वाढतें असें नाहीं. जेथें खरोखर टणक थर होता आणि वेळ साधली, तेथें लाभ झालेला आढळतो. जेथें थर नव्हताच, तेथें चांगलीं मुळें तुटून पहिल्या हंगामाचें गवत घटल्याचेंहि अनुभवास आलें आहे. ज्या कुरणांत पाणी तुंबण्याचें कारण खालून वर येणारी पाण्याची पातळी असतें, तेथें मोकळी केलेली माती स्पंजाप्रमाणें पाणी शोषून घेते आणि चिखल वाढतो. तेथें आधीं निचरा केला पाहिजे. आणि थर केवळ वरच्या दोनतीन इंचांचा असून गांडुळें अद्याप जिवंत असतील, तर गुरांस कांहीं काळ दूर ठेवणें एवढाच इलाज पुष्कळदां पुरतो. वाळणें, भिजणें आणि मुळांचा शिरकाव यांनीं जमीन स्वतःच आपली घडी नीट करते.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें या शेवटच्या मुद्द्याचें महत्त्व विशेष आहे. येथील खोल काळी जमीन उन्हाळ्यांत आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. पावसाळ्यांत ती फुगते व भेगा मिटतात. नांगराचें जें काम इतर देशांत पैसे देऊन करून घ्यावें लागतें, तें येथें ऊनच बऱ्याच अंशीं करून टाकतें. माळरानांची गोष्ट याहून निराळी. तेथें मातीचा थर कित्येक ठिकाणीं वीतभरहि नसतो आणि त्याखालीं मुरूम किंवा काळा दगड लागतो. अशा गायरानांत सबसॉयलर घालणें म्हणजे फाळ मोडून घेणें होय. तेथें उपाय खुरांच्याच बाजूनें करावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील, हिवरे बाजार या गांवानें १९९० नंतरच्या दशकांत मोकाट चराई बंद केली आणि गवत कापून गुरांस घालण्याची रीति स्वीकारली. त्या गांवाच्या डोंगरउतारांवर पुन्हां गवत उभें राहिलें, त्यामागें चर खणण्याच्या कामाबरोबरच या विसांव्याचाहि वाटा आहे. सबसॉयलर महाराष्ट्रांत दिसतो तो बहुधा उसाच्या शेतांत, जेथें भरलेल्या गाड्यांच्या चाकांनीं खोलवर थर बसतो. आणि तेथेंहि फावड्याची परीक्षा, फाळाच्या रुंदीचा हिशेब व वाफसा हे तिन्ही नियम जसेच्या तसे लागू पडतात.

तात्पर्य, कुरणाचा मालक अवजाराच्या दुकानांत पाऊल टाकील तेव्हां त्याच्या खिशांत पैशांबरोबर एक कागदहि असावा. त्यावर थर कोठें सुरू होतो, कोठें संपतो, आपल्या ट्रॅक्टरची शक्ति किती आणि त्या खोलीवर वाफसा केव्हां येतो, एवढ्या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्या. हा कागद हातीं असलेल्या माणसास चुकीचें अवजार विकणें कठीण आहे. आणि त्या खड्ड्यांत टणक थर आढळलाच नाहीं, तर दुकानांत न जातां घरीं परतणें, हीच त्या वर्षींची सर्वांत चांगली खरेदी समजावी.